हत्यार तेच, मालक दुसरा
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात ‘संप’ हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. आजोबा मुंबईच्या एका गिरणीत साचेवाले होते. 1982 च्या संपात ते पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी आले ते कायमचेच. त्यामुळे अर्थशास्त्राच्या तासाला ‘कामगार संघटना’ हे प्रकरण सुरू झाले, तेव्हा मी जरा जास्तच कान देऊन ऐकत होते. पुस्तकात संघटनेची कार्ये मुद्देसूद दिली आहेत. पण आमच्या घराचा प्रश्न त्यात नाही. जे हत्यार एकदा मालकाला नमवते, तेच दुसऱ्यांदा कामगारावर का उलटते?

उत्तरासाठी मी मागे गेले. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार! या त्यातल्या काही मागण्या. 1890 मध्ये दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्याच वर्षी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, तेव्हा ही सुट्टी कोणीतरी मागून घेतली होती हे आठवत नाही.

1928 साली मालकांनी एका विणकराकडे दोनऐवजी तीन साचे देण्याचा घाट घातला. कामगार सुमारे सहा महिने संपावर राहिले आणि शेवटी सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पण मला त्या संपापेक्षा त्यानंतरची गोष्ट महत्त्वाची वाटते. लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनने गिरणीगिरणीत समित्या उभ्या केल्या. तोवर कामगाराची नोकरी जॉबरच्या मर्जीवर असे. आता तक्रार समितीमार्फत थेट मॅनेजरकडे जाऊ लागली. मे महिन्यात तीनशेच्या आसपास असलेले सभासद वर्षअखेर चोपन्न हजारांवर गेले. मालकांना गिरण्या चालवायच्या होत्या, म्हणून त्यांना या समित्यांशी बोलावे लागले.

1982 चे चित्र निराळे होते. 18 जानेवारीला सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला मान्यता दिलेली होती; कामगारांना हवी असलेली संघटना बोलणीच करू शकत नव्हती. म्हणून संपाशिवाय वाट उरली नाही, असे आजोबा सांगतात. पण गोदामांत माल पडून होता, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होते आणि कित्येक गिरण्यांची यंत्रे जुनाट झाली होती. गिरणी बंद राहणे हे काही मालकांना संकट न वाटता सोय वाटू लागले. पुढे 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाला वाट मोकळी केली. काम थांबवून मालकाला अडवता येते, ते त्याला काम हवे असेल तरच.

याच राज्यात हमालांनी दुसरा मार्ग काढला. हमालाचा मालक एक नसतो. सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसऱ्या. अडवायचे ते कोणाचे दार? अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. हमाल आणि व्यापारी दोघांचीही मंडळाकडे नोंदणी होऊ लागली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार. ‘हा माझा माणूस नाही’ असे म्हणण्याची सोयच व्यापाऱ्याला राहिली नाही.

हे वाक्य मला विशेष टोचते, कारण माझे वडील ते नेहमी ऐकतात. ते एका कारखान्यात बारा वर्षे यंत्रावर उभे आहेत. पण कागदोपत्री ते ठेकेदाराचे. बोनसचे विचारले की कारखाना ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदार कारखान्याकडे! आपल्यापैकी अनेकांच्या घरी हीच कथा असेल.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांचे चार सहकारी आमच्या ओट्यावर बसले होते. संघटना काढावी असे एक जण म्हणाला आणि सगळे आजोबांकडे पाहू लागले. वाटले, ते उठून आत जातील. पण ते म्हणाले, “काढा. पण गेटावर बसायच्या आधी तुमच्यावाचून कुणाचं अडतं, ते शोधा.” मी भीतभीतच माथाडी मंडळाची गोष्ट सांगितली. घरात शिकलेली मी पहिलीच, म्हणून सगळे ऐकत होते. बाबांनी मध्येच विचारले, “मंडळाकडं नाव नोंदवायला मालकाची सही लागती का गं?”

मला उत्तर आले नाही. ते शोधण्यासाठी आता मी ग्रंथालयात मूळ कायदा वाचायला घेतला आहे.