नकली मासा

दक्षिण कॅलिफोर्नियांतील जलाशयांत हिवाळ्यांत ट्राउट मासे सोडतात, आणि तेथील थोराड बास त्यांवर पोसतात. म्हणूनच तेथें ट्राउटच्या रूपाचा, वीतभर लांबीचा कृत्रिम मासा आमिष म्हणून रूढ झाला. त्याला ‘स्विमबेट’ म्हणतात. तो घ्यावयास आम्ही दुकानांत गेलों तेव्हां जॉर्ज पेरीनें १९३२ सालीं जॉर्जियांत धरलेला २२ पौंड ४ औंसांचा बास आमच्या डोळ्यांसमोर तरळत होता. खवले, डोळे, गुलाबी पट्टा, सारें हुबेहूब! वजन पुसण्याचें मात्र सुचलें नाहीं. (शालू निवडतांना तरी तें कोण पुसतो?)

कॅस्टेक सरोवरावर त्या पांच औंसांच्या ओझ्यानें आमची सडपातळ काठी धनुष्यासारखी वांकली. मासा पंधरा हातांवर धपकन् पडला व झरझर तळाला गेला. बास तर वरच्या थरांत हिंडत होते. शेजारच्या होडींतल्या म्हाताऱ्यानें आपला रंग उडालेला, संथपणें बुडणारा मासा जाड काठीसकट आम्हांस उसना दिला आणि दोरी अगदीं हळू ओढावयास सांगितलें. तिसऱ्या खेपेस त्यामागून एक काळी सावली होडीपर्यंत आली, क्षणभर थबकली. आम्हीं अधीरपणें दोरी झटकली. सावली वळली.

म्हाताऱ्यानें कांहीं न बोलतां काठीसाठीं हात पुढें केला.