अड्डा नावाचे गृहस्थ

हिंदी सिनेमातल्या खलनायकांशी तुमची जुनी ओळख असेल, पण त्यांना ज्याने घर दिलं त्या अड्ड्याशी रीतसर ओळख कुणी करून दिलेली दिसत नाही. या, मी करून देतो. पत्ता तेवढा विचारू नका. पत्ता गुप्त आहे असं तो स्वतःच गावभर सांगत असतो. टॅक्सीवाल्यांना तो ठाऊक असतो, नाचायला येणाऱ्या बाईला असतो, आणि शेवटच्या रिळापर्यंत हीरोच्या आईलाही कळलेला असतो. पोलिसांचं मात्र कधी जमत नाही.

स्वभावाने गडी अतिशय दिखाऊ. साध्या दारातून कुणाला आत घेणं त्याला कमीपणाचं वाटतं. भिंत सरकली पाहिजे, नाहीतर पुस्तकांचं कपाट तरी फिरलं पाहिजे. कोपऱ्यात बार हवा. भिंतीवर लाल-हिरवे दिवे लुकलुकायला हवेत. ते कशाचे, हे आजवर एकाही गुंडाने विचारलेलं नाही.

तरुणपणी तो असा नव्हता. ‘शोले’ (1975) आठवा. बंगळूरजवळ रामनगरच्या खडकांत तेव्हा त्याचा मुक्काम होता. ना छप्पर ना दार. काळे कातळ आणि वर आग ओकणारं ऊन, एवढाच संसार. पण त्या कातळावर गब्बरचे बूट वाजायला लागतात, हातातला पट्टा दगडावरून खरडत जातो, आणि हरून आलेली तीन माणसं मान खाली घालून उभी असतात. पिस्तुलात सहा गोळ्या. तीन तो हवेत उडवतो, म्हणजे उरल्या तीन. मग एकेकाच्या डोक्याला लावून चाप ओढतो आणि तिघंही वाचतात. गब्बर हसतो, टोळी हसते, ते तिघंही हसायला लागतात. पुढचं तुम्हाला माहीत आहे. या सगळ्यात अड्ड्याने एकच शहाणपणा केला: तो गप्प बसला. बघायला दुसरं काही ठेवलंच नाही, म्हणून अमजद खान नजरेतून हलत नाही. माझ्या मते हे त्याचं आयुष्यातलं सर्वात चांगलं काम.

कौतुक मात्र डोक्यात गेलं. पाच वर्षांनी त्याच रमेश सिप्पींनी ‘शान’ (1980) काढला आणि गृहस्थ ओळखू येईना. विलायतेहून जेम्स बाँडच्या शत्रूंचे अड्डे पाहून आलेला. 1967 च्या बाँडपटात केन अ‍ॅडमने ज्वालामुखीच्या पोटात अड्डा उभारला होता, तसंच काहीतरी यालाही हवं झालं. बेट पाहिजे म्हणून हटून बसला. पडद्यावर दिसतं ते इंग्लंड-वेल्सच्या मधल्या खाडीतलं स्टीप होम. आत गोल फिरणारं टेबल. ते थांबलं की फितुराची खुर्ची त्याला खाली टाकते, आणि खाली मगर. कुलभूषण खरबंदाने शाकाल थंड डोक्याने आणि मजेत रंगवला आहे. पण यजमानाने पाहुण्यापेक्षा जास्त बोलायचं ठरवल्यावर काय होणार? ‘शान’चा विषय निघाला की लोकांना आधी टेबल आठवतं, मग टक्कल.

त्याला पुरून उरला तो एकच भाडेकरू: ‘मिस्टर इंडिया’तला (1987) मोगँबो. अमरीश पुरींनी मुंबईत कर्मचारी राज्य विमा महामंडळात वर्षानुवर्षं नोकरी केली होती आणि सत्यदेव दुबेंच्या हाताखाली रंगभूमीवर घाम गाळला होता. त्यामुळे कचेरी कशी चालवायची आणि रंगमंच कसा भरायचा, दोन्ही त्यांना ठाऊक. अड्ड्याने नेहमीप्रमाणे तेजाबाचं कुंड मांडलं, गणवेशातली फौज उभी केली, क्षेपणास्त्रं आणली. पुरींनी काय केलं, तर सिंहासनावर बसून अंगठ्यांनी भरलेली बोटं वाजवली. सगळा थाट त्या बोटांच्या मागे मुकाट उभा राहिला. हुकूम होताच शिपाई तेजाबात उड्या टाकतात, तेव्हाही आपण कुंडाकडे पाहत नाही. साहेब खूश झाले का, ते पाहतो.

धंद्याच्या बाबतीत मात्र अड्डेरावांचा हिशोब मला कधी कळला नाही. गोदामात खोक्यांची थप्पी छताला टेकलेली, पण मारामारीत हीरो कुणाला तिच्यावर फेकतो तेव्हा खोकी रिकामी! पिंपंही रिकामी. मग तस्करी करतात तरी कशाची? माणसं ओळखण्यातही तितकाच कच्चा. हीरोने खोटी दाढी लावली, गळ्यात रुमाल बांधला आणि कव्वाली धरली, की हा त्याला मानाने पुढे बसवतो.

महाराष्ट्रात त्याचा एक चुलतभाऊ राहतो. तो या कुणाच्याच वाऱ्याला उभा राहत नाही. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी काढलेल्या ‘सामना’त सहकारसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाच्या घरी त्याची गाठ पडते. तिथे भिंत सरकत नाही, मगरही नाही. दारूने खंगलेल्या मास्तरला पाटील रस्त्यावरून घरी आणतो, अंगावर धड कपडे चढवतो, खाऊपिऊ घालतो. घर पाहुण्याला जपतं. आणि ते जपणंच अंगावर येतं, कारण मारुती कांबळेचं काय झालं हे विचारायला आता त्याच घरातलं अन्न खाल्लेलं तोंड उघडायचं असतं. डॉ. लागूंचा मास्तर ते उघडतो. समोर निळू फुले, म्हणजे राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला माणूस. असली घरं त्यांनी बाहेरून नीट पाहिली असणार. त्याशिवाय पाटलाच्या आवाजात ती मऊ, चिकट आपुलकी आली नसती. शाकालचं बेट पन्नास वेळा उडवा. या घराला सुरुंग कुठे लावणार?

उतारवयात थोरल्याची परिस्थिती खालावली. ‘सत्या’त (1998) भिकू म्हात्रेच्या घरी राहायला गेला, तर तिथे बायकोचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा. पुढच्याच वर्षी ‘वास्तव’मध्ये पावभाजीच्या गाडीपासून सुरुवात करावी लागली. फिरतं टेबल, लुकलुकते दिवे, सगळं गेलं.

हल्लीहल्ली पुण्यात दिसला होता, ‘अंधाधुन’मध्ये (2018). चांगल्या वस्तीतला फ्लॅट, दिवाणखान्यात पियानो, स्वयंपाकघरात खेकड्यांचा बेत चाललेला. तब्बूची सिमी पाहुण्यांशी गोड बोलते, पोलिसांसमोर रडते, आणि शेजारच्या म्हाताऱ्या डिसा बाईंनी नको ते पाहिलं आहे असं कळल्यावर त्यांना इमारतीवरून खाली ढकलून देते. मगरीच्या खुराकाचा खर्च वाचला. महिन्याचा मेंटेनन्स भरला की सोसायटीचीही काही तक्रार नसते.