नोंदणी एकाची, फोन दुसऱ्याचा

मोबाइलवर फ्लॅटची जाहिरात येते तेव्हा अनेकदा तिच्या तळाशी, भिंग लावूनच दिसावा इतक्या बारीक टायपात, महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक असतो. प्रकल्पाचा क्रमांक ‘पी’ने सुरू होतो, एजंटचा ‘ए’ने. शेजारी ठळक छापलेला मोबाइल नंबर मात्र बऱ्याचदा त्या नोंदणीधारकाचा नसतो. तो त्याच्याकडे कमिशनवर काम करणाऱ्या एखाद्या पोराचा असतो. या धंद्यात वावरताना मला सगळ्यात जास्त खटकत आलं आहे ते हेच. कार्पेट किती, पार्किंग मिळणार का, ताबा कधी, कर्ज बसेल का, याबद्दलचे सगळे शब्द साइट व्हिजिटच्या गाडीत दिले जातात. ते देणारा काही महिन्यांत दुसऱ्या एजन्सीत जातो आणि त्याचं सिमकार्डही त्याच्याबरोबर जातं. मागे राहते ती ऑफिसच्या भिंतीवरची नोंदणी प्रमाणपत्राची फ्रेम. त्यामुळे एजंटच्या परीक्षेची जेवढी चर्चा आपल्याकडे झाली, तेवढी देखरेखीची का झाली नाही, हा प्रश्न मला पडतो.

परीक्षेला मी नावं ठेवत नाही. 2016च्या रेरा कायद्याने एजंटला पहिल्यांदा नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात एकट्या व्यक्तीला दहा हजार रुपये, कंपनी किंवा भागीदारी असेल तर एक लाख, मुदत पाच वर्षं. पैसे भरले की माणूस एजंट झाला, अशी ती सोय होती. जानेवारी 2023च्या आदेशाने महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षा आणली, आणि प्रमाणपत्र न मिळवणाऱ्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी 2024मध्ये स्थगितही केली. हे धाडसाचंच काम. पण परीक्षा एवढंच सांगते की या माणसाला नियम ठाऊक आहेत. उद्या त्याने ते मोडले तर त्याच्या वर कोण बसलं होतं, हे ती सांगत नाही. कारण कायद्याला एकाच पायरीचा एजंट माहीत आहे. धंद्यात आज उतरलेला आणि वीस वर्षं मुरलेला, दोघांची नोंदणी सारखीच.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मात्र अशी वरची पायरी आहे. तिथे मालमत्ता एजंटांचे परवाने दोन प्रकारचे आहेत: सेल्सपर्सनचा आणि ब्रोकरचा. सेल्सपर्सनला 135 तासांचे अभ्यासक्रम आणि परीक्षा. ब्रोकरला त्याहून जास्त अभ्यासक्रम, वेगळी परीक्षा आणि साधारणपणे दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. तपशील वाचताना लक्ष याच आकड्यांवर जातं, पण खरी मेख पुढे आहे. सेल्सपर्सनला स्वतंत्र धंदा करताच येत नाही. त्याचा परवाना कुठल्या ब्रोकरच्या हाताखाली आहे याची सरकारदरबारी नोंद असते, दोघांत लेखी करार लागतो, आणि परवान्याच्या कामाचा मोबदला त्याला त्या ब्रोकरमार्फतच घ्यावा लागतो. ग्राहकाकडून परस्पर पाकीट घेतलं तर तो गुन्हा. ब्रोकरने व्यवहार, कागदपत्रं, ग्राहकाचे ठेवलेले पैसे आणि जाहिराती यांवर लक्ष ठेवण्याची पद्धत आखून द्यायची असते. वाजवी देखरेख ठेवली नाही, एवढ्या एका कारणावरून ब्रोकरवर कारवाई होऊ शकते.

आपल्या कायद्यातही कलम 69 आहेच की, असं यावर कुणी वकील म्हणेल. कंपनीने गुन्हा केला तर तिचा कारभार पाहणारा जबाबदार धरला जातो, आणि तिथे ‘कंपनी’त भागीदारी संस्थाही येते. खरं आहे. पण त्याच कलमात सुटकेची वाट आहे: गुन्हा आपल्या नकळत घडला, असं सिद्ध केलं तर शिक्षा नाही. म्हणजे पोरं काय बोलतात याकडे शेठने कान बंद ठेवले, तर ते त्याच्या पथ्यावरच पडतं. कॅलिफोर्नियाच्या नियमात ‘मला माहीतच नव्हतं’ हे उत्तर उलट अंगावर येऊ शकतं, कारण मग पुढचा प्रश्न येतो, माहीत का नव्हतं?

तिकडेही सगळं सोन्यासारखं नाही. बरेच सेल्सपर्सन पगारी नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदारासारखे राबतात आणि मोठ्या फर्ममध्ये एका ब्रोकरच्या नावाखाली शेकडो जण असतात. मग देखरेख कागदावरच उरणार, हा आक्षेप रास्त आहे. नियमाने तो ओळखलेला दिसतो. माणसं किती आणि शाखा किती हे पाहून देखरेखीची व्यवस्था ठरवावी, मदतीला माणसं घ्यावीत, पण अंतिम जबाबदारी झटकता येणार नाही, असं तो सांगतो. दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. अशी उतरंड आली की नवख्याचं कमिशन वरच्याच्या मुठीत जाईल. आजही ते तिथेच आहे, फक्त लेखी काही नाही. डील क्लोज झाल्यावर ब्रोकरेजचा वाटा किती, हे तोंडीच ठरतं आणि तोंडीच बदलतं. लेखी कराराची सक्ती झाली तर आधी फायदा त्या पोराचाच आहे. तालुक्याच्या गावी एकट्याने काम करणाऱ्याला या सगळ्याची झळ बसायचं कारण नाही. त्याच्या हाताखाली कुणी नसेल तर देखरेख कुणावर ठेवायची?

एक भाग मात्र यातूनही सुटतो. रेरातली एजंटची नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती आहे. जुन्या सोसायटीतला रीसेलचा फ्लॅट किंवा भाड्याचा लीव्ह अँड लायसन्स करार करून देणारा तिच्या बाहेर राहतो, आणि कित्येक एजंटांची चूल या कामांवरच चालते. त्यांना कक्षेत आणायचं तर कायदाच बदलावा लागेल. हाताखालच्या माणसांची नावं नोंदणीला जोडणं, त्यांच्याशी लेखी करार आणि जाहिरातीतल्या मोबाइल नंबरची नोंद, एवढं मात्र महारेरा, मला वाटतं, 2023सारख्या एखाद्या आदेशानेही मागू शकेल.