तोंडात पिल्ले जपणारा शिंगाळा

१/
मासळीबाजारात पापलेट आणि सुरमईला पुढची जागा मिळते. शिंगाळा कडेला पडून असतो. मिशा लांब, अंग बिनखवल्याचे, बुळबुळीत. इतिहासाच्या पुस्तकांतही त्याला अशीच कडेची जागा मिळाली. हा धागा त्याच्याविषयी.

२/
चिखलाळ तळाशी मिशांनी चाचपडत तो खेकडे, कोळंबी आणि किडे शोधतो. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांपाशी एकेक असे तीन दातेरी, विषारी काटे त्याला असतात. काटा रुतला की हात सुजतो, ठणका तासन्‌तास राहतो. म्हणून जाणता कोळी आधी काटे मोडतो आणि मगच मासा हाताळतो.

३/
तळाचा मासा धरायची जुनी पद्धत म्हणजे दावण. एका लांब दोरीला ठरावीक अंतरावर शेकडो गळ बांधून, आमिष लावून ती तळाशी सोडायची आणि काही तासांनी ओढून घ्यायची. गळाला लागेल तेवढेच हाती येई, बाकीचे समुद्रात राही.

४/
घरी आणल्यावर मीठ चोळून बुळबुळीतपणा घालवायचा. मग आमसूल किंवा चिंचेचे आंबट, तिखट कालवण. त्याची गाबोळीही चवीने खाल्ली जाते. तिच्यातील अंडी इतर माशांच्या मानाने फारच मोठी.

५/
या उपेक्षित माशाने परदेशप्रवासही केला. त्याच्या पोटातील हवेची पिशवी वाळवून विकली जाई. अशा पिशव्यांपासून मिळणारा सरसासारखा पदार्थ युरोपात बिअर नितळ करण्यासाठी वापरत. भारतीय किनाऱ्यावरील या पदार्थाविषयी जॉन फोर्ब्स रॉयल यांनी १८४२ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले.

६/
मात्र त्याची खरी ओळख वेगळीच आहे. अनेक मासे हजारो, लाखो अंडी पाण्यात सोडून निघून जातात. शिंगाळ्याची मादी फार थोडी अंडी घालते, आणि ती नर तोंडात घेतो. पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत कित्येक आठवडे तो जवळजवळ उपाशी राहतो. एक नर मेला, तर त्याच्यासोबत पुढची पिढीही संपते.

७/
१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी पसरली. शिंगाळा तळाचा खरा, पण काही काळ त्याचे थवे वर येतात. संपूर्ण थव्याला वेढणाऱ्या या जाळ्यांत तोंडात अंडी असलेले नर मोठ्या संख्येने सापडू लागले. भेदरलेला नर अंडी ओकून टाकी, आणि ती वाया जात. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याविषयी वेळोवेळी सावध केले. पुढे त्या पट्ट्यातील शिंगाळ्याची आवक कोसळली.

८/
महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. कायदा जाळ्याचा आस ठरवू शकतो, पण कोणत्या माशाची काळजी वाटावी हे बहुधा ताटच ठरवते. पापलेट लहान मिळू लागले की घराघरांत बोलले जाते. शिंगाळा दिसेनासा झाला, तर त्याच्याविषयी विचारणारे गिऱ्हाईक मुळातच थोडे. त्याचे नसणे प्रथम कळते ते दावण ओढणाऱ्याला, रिकाम्या गळांवरून.