भालकी-उदगीर सामना

१९७४ साली भालकी सोडून मी गुलबर्ग्याला कॉलेजात गेलो. घरी मराठी, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी. जायचं हुमनाबादवरून, बसनं. बीदर-गुलबर्गा (आताचं कलबुर्गी) रेल्वे सुरू व्हायला २०१७ साल उजाडलं. पहिल्याच आठवड्यात फिजिकल डायरेक्टर सरांनी विचारलं, "दम किती टिकतो?" मी हुतुतू घुमवत पटांगण ओलांडून दाखवलं. सर म्हणाले, "घेतलं तुला. पण इथं कबड्डी म्हणायचं."

गुलबर्ग्याची माती काळी, भेगाळणारी. पहाटे साडेपाचला आम्हीच ती चाळायचो, पाणी मारून धुमसानं चोपायचो, फक्कीच्या रेषा आखायचो. बीदरचे गडी जांभ्याच्या लाल मातीत वाढलेले. ते म्हणायचे, काळ्या मातीत पडलं तर लागत नाही, पण पाय सुटत नाही. खरं होतं ते. पहिलं वर्षभर मी चढाईला गेलो की घोट्यातच पकडला जायचो. सराव उरकला की मेसमध्ये कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पुंडीपल्ले, म्हणजे आपली अंबाडीची भाजी. त्या भुकेला दुसरं काही गोड लागलंच नसतं.

गुलबर्गा विद्यापीठ १९८० चं. तोवर आमचं कॉलेज धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली. सामन्यांना जायचं तर होटगीला मोठी गाडी सोडून मीटर गेजची गाडी धरायची. विजापूर, गदग, हुबळी करत धारवाड. अंग आंबून जायचं, आणि तसेच मैदानात उतरायचो. धारवाड-हुबळीच्या पोरांसमोर आमची साखळी मराठीतून इशारे करी. बेळगावचा संघ समोर आला की पंचाईत, त्यांना मराठीही कळे आणि कन्नडही. "हिडी", म्हणजे धर, म्हणायच्या आत चढाईवाला मध्यरेषेवर पोचलेला असे. मग एकदा आमच्या कोपऱ्यातला बीदरचा गडी दखनीत ओरडू लागला आणि त्या दिवशी आम्ही जिंकलो. ती दखनी आम्ही कुठल्या वर्गात शिकलो नव्हतो. ती बीदरच्या गल्ल्यांनी दिलेली होती.

पण ज्यांच्याशी खेळावंसं वाटे ते उदगीरचे. भालकीहून गाडीत बसलं की कमलनगर आणि मग उदगीर, एवढंच अंतर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना होईपर्यंत उदगीर आमच्याच बीदर जिल्ह्यात होतं, मग मध्ये राज्याची सीमा आली. तिथल्या उदयगिरी महाविद्यालयात माझा मावसभाऊ शिकत होता. ते कॉलेज औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचं, आमचं धारवाडचं. त्यामुळे बेळगावशी मी तीन वर्षांत तीनदा खेळलो, आणि मावसभावाशी आंतरमहाविद्यालयीन सामन्यात एकदाही नाही. सोयरिकी होत होत्या, बैलांचा बाजार होत होता, वेळा अमावास्येला दोन्हीकडच्या शेतांत तीच भज्जी आणि तीच आंबील होती. संघ तेवढे भेटत नव्हते. मला ते तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही.

एकदाच गाठ पडली. १९७६ च्या जानेवारीत, भालकी तालुक्यातल्या एका जत्रेत, गॅसबत्तीच्या उजेडात. त्यांचे गडी 'हुतुतू' घुमवत येत, आमचे 'कबड्डी'. त्यावरून दोन्हीकडून आरडाओरडा झाला. पंच होते गावच्या शाळेचे गुरुजी. त्यांनी निकाल दिला, "शब्द कोणता का असेना, दम तुटता कामा नये." शेवटच्या पाच मिनिटांत आमच्यावर लोण चढला आणि आम्ही तीन गुणांनी हरलो. मावसभावानंच माझा घोटा धरला होता. रात्री आम्ही एकाच घोंगडीवर झोपलो. घोटा सुजला होता, आणि तो अर्धी रात्र त्यावर हळदीचा लेप लावत बसला होता.

आज उदगीर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात आहे. विद्यापीठं बदलली, आडकाठी तीच राहिली. भालकी, उदगीर आणि तसेच सीमेच्या दोन बाजूंना असलेल्या आळंद, अक्कलकोट इथल्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. वेळा अमावास्येनंतरचा एक रविवार ठरवा आणि मुलांना एकमेकांसमोर उतरवा. मोठा खर्च नाही. मैदान चाळायला मी येईन.