लादी का हलत नाही?

गेल्या वर्षी भिवंडीतल्या मामांच्या कारखान्यात चित्रण करायचे ठरले, तेव्हा माझ्यासमोरचा प्रश्न अगदी व्यावहारिक होता. कॅमेरा हातात धरून चालताना चित्र हलू नये यासाठी जे हातात धरायचे स्टॅबिलायझर मिळतात, त्यांपैकी कोणता घ्यावा? मामांचे बारा यंत्रमाग दोन महिन्यांत भंगारात जाणार होते, जागा गोदामासाठी द्यायची होती. तेव्हा जे काही टिपायचे ते आत्ताच, आणि नीट, असा माझा आग्रह होता. मी मराठी शिकवते. यंत्रांची पारख हा माझा प्रांत नव्हे. तरीही या पारखीतून जे हाती लागले ते साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे वाटते, म्हणून हे टिपण.

थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. चालत्या माणसाचा हिसका कॅमेऱ्यापर्यंत पोहोचू न देणारे ‘स्टेडीकॅम’ हे साधन गॅरेट ब्राउन या अमेरिकी छायाचित्रणकाराने १९७०च्या दशकात घडवले. चित्रपटात ते प्रथम वापरले गेले हॅल अ‍ॅशबीच्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’मध्ये, १९७६ साली. त्यातले गाजलेले दृश्य स्थलांतरित मजुरांच्या छावणीतले आहे: क्रेनवरून खाली उतरलेला कॅमेरा गर्दीतून तरंगत पुढे जातो. पुढे ‘द शायनिंग’च्या (१९८०) हॉटेलातील बोळांनी हे तरंगणे जगभर पोहोचवले, पण त्याचा आरंभ श्रमिकांच्या वस्तीत झाला, ही गोष्ट मला पुढे वारंवार आठवत राहिली.

मी ठाण्याहून भाड्याने दोन साधने आणली. पहिले निव्वळ यांत्रिक: वर कॅमेरा, खाली वजने, मध्ये सहज फिरणारा सांधा आणि त्याला मूठ. याचा तोल साधणे हीच तपश्चर्या. दांडा आडवा धरून सोडला की तो साधारण दोन-तीन सेकंदांत सावकाश उभा राहिला पाहिजे. चटकन उभा राहिला तर खालचे वजन जास्त, रेंगाळला तर कमी. दुसरे इलेक्ट्रॉनिक, ज्याला ‘गिंबल’ म्हणतात. त्यातले संवेदक प्रत्येक कलणे मोजतात आणि तीन छोट्या मोटारी ते तत्क्षणी उलट फिरून भरून काढतात. याचाही तोल आधी हातानेच साधावा लागतो, नाहीतर मोटारी कण्हू लागतात.

यांत्रिक साधन दोन कारणांनी बाद झाले. मागांच्या रांगांमधली वाट इतकी अरुंद, की खालची वजने मागाला लागतील अशी धास्ती; आणि दहा मिनिटांत मनगट भरून येई. गिंबल त्या मानाने आटोपशीर. पण त्याचीही एक मर्यादा लगेच ध्यानात आली. ते कलणे सावरते. चालताना शरीर जे वरखाली होते ते मात्र त्याला पुरते सावरता येत नाही. त्यासाठी गुडघे किंचित वाकवून, टाच अलगद टेकवत चालावे लागते. हे शिकताना मला आईची आठवण झाली. डोक्यावर दोन भरलेले हंडे घेऊन ती चढ चढे आणि पाणी हिंदकळत नसे. मोटारी आल्या तरी शेवटी माणसाच्या कमरेलाच हे काम करावे लागते.

कारखान्यात शिरताना मामांनी गळ्यातला पट्टा आणि ओढणी दोन्ही काढायला लावली. चालत्या मागाजवळ लोंबते काही असू नये आणि धोट्याच्या रेषेत उभे राहू नये, या दोन आज्ञा. धोटा कधी उडेल याचा नेम नसतो. हे माग मामांनी मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेल्या यंत्रांतून घेतलेले. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईचे किती तरी काम भिवंडीच्या वाटेने आले. त्या लाटेत मामाही होते. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. फणीचे ठोके, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू, पिवळा दिवा, तुटलेला धागा सांधणाऱ्या विणकराची बोटे, सारे एका सलग प्रवाहात आले. घरी पाहिले तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले. एखाद्या परदेशी महोत्सवातला माहितीपट शोभावा असे चित्र होते.

संध्याकाळी ते मामांना दाखवले. मामांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. चाळीस वर्षे मागांत काढलेल्या माणसाचे जे होते तेच त्यांचे झाले आहे. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे पाहिले आणि विचारले, “माग चालू दिसतात. मग लादी का हलत नाही गं?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि त्याच्यापाठोपाठ एक जुनी गोष्टही आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी मी मामांची मुलाखत घेतली होती. तेव्हा ते म्हणाले होते, “कान मागांनी खाल्ले. आता पायांनी ऐकतो.” कोणता माग थांबला हे पाठमोरे असतानाही त्यांना लादीच्या थरथरीवरून समजत असे. मी छापताना लिहिले: ‘यंत्रांच्या आवाजामुळे त्यांची श्रवणशक्ती क्षीण झाली.’ दुसरे वाक्य मी गाळले होते. ते मला अलंकारिक वाटले! जे त्यांचे रोजचे, शब्दशः खरे ज्ञान होते, त्याला मी शोभेची भाषा समजले. आणि त्या जागी जे घातले ते एखाद्या अहवालातही चालले असते.

स्टॅबिलायझर आणि प्रमाणभाषेत केलेले संपादन यांचे नाते मला त्या संध्याकाळी दिसले. दोन्ही साधने हिसके काढतात, आणि बहुतेक हिसके काढण्यासारखेच असतात, हेही खरे. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मी दुसऱ्या दिवशी नुसत्या हाताने तेच चित्रण केले तेव्हा धागा सांधणारी बोटे दिसेनाशी झाली. पाहणाऱ्याला माझाच थकवा आणि घाई दिसू लागली. हलता कॅमेरा म्हणजे प्रामाणिकपणा, हा समज तितकाच पोकळ. माझा हात हलणे आणि लादी हलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली माझ्याविषयी सांगते, दुसरी कारखान्याविषयी. यंत्राला हा भेद कळत नाही. ते दोन्ही एकाच तत्परतेने पुसते.

राहुल जैन यांचा ‘मशीन्स’ (२०१६) हा गुजरातमधल्या एका कापड कारखान्यावरचा माहितीपट अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या छायाचित्रणाला २०१७मध्ये सनडान्स महोत्सवात पुरस्कार मिळाला. त्यातला कॅमेराही यंत्रांमधून संथ, तरंगत जातो. पण त्या चित्रपटात कामगार कॅमेऱ्याभोवती जमून चित्रण करणाऱ्यालाच जाब विचारतात, आणि ते दृश्य दिग्दर्शकाने ठेवले आहे. तरंगणाऱ्या नजरेला तिथे पाय टेकावे लागतात. मला तसा प्रश्न मामांनी विचारला होता. तो ऐकून काय करायचे, एवढेच उरले होते.

तिसऱ्या दिवशी मी गिंबल बाजूला ठेवले. कॅमेऱ्याच्या आत स्वतःचीही एक स्थिरीकरणाची सोय असते, ती बंद केली. आणि कॅमेरा दोन मागांच्या मधोमध, सरळ लादीवर ठेवून दिला. चौकट कुठेही जात नव्हती, पण तिच्या कडा बारीक थरथरत होत्या. पाच मिनिटांनी मामांनी एक माग बंद केला, मग दुसरा, मग तिसरा. थरथर पातळ होत गेली. बारावा थांबला तेव्हा चित्र पूर्ण स्थिर झाले, आणि मला प्रथमच स्थिर चित्राची भीती वाटली.

तयार झालेल्या अकरा मिनिटांच्या चित्रफितीत तिन्ही दिवसांचे काही ना काही आहे. बोटे गिंबलची, लादी लादीची. हातातल्या कॅमेऱ्याचे मात्र एकच दृश्य उरले, मामा मला दाराशी थांबवून ओढणी काढायला सांगतात ते. नियतकालिकाचा तो अंक आता दुरुस्त करता येणार नाही. निवेदनात मात्र मामांची दोन्ही वाक्ये, त्यांच्या शब्दांत आणि त्याच क्रमाने, ठेवली आहेत.

विद्यार्थी विचारतात, गिंबल घ्यावे का? घ्यावे, उपयोगाचे आहे. पण तोल साधायला शिकाल त्याच दिवशी ते बंद कसे करायचे हेही शिकून घ्या, आणि झालेले चित्रण ज्याचे आहे त्याला एकदा दाखवा.