मध्येच उठून गेलेल्या नानास

यवतमाळ,
मंगळवार

प्रिय नाना,


तुझा निरोप मिळाला. "गाणं ऐकायला आलो होतो, गोंगाट ऐकायला नव्हे. यापुढं मला बोलावू नका." बसस्टँडवर पोचायच्या आत तू हे फोनमध्ये बोलून मोकळा झालास. मी ऐकलं, आमच्या हिनंही ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "नानाभाऊजींना झालं काय?" फोनवरच तुला झाडणार होतो, पण तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आता शेवटपर्यंत वाचायचं. हे तरी अर्धवट सोडून उठू नकोस.

आपल्या गाण्याच्या बैठकीचा कायदा कोणी केला रे? तूच ना? ज्यानं त्यानं आवडीचं एकच गाणं आणायचं, आणि दुसऱ्याचं संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, पाणीसुद्धा मागायचं नाही. त्या कायद्याखाली तुझे कुमार गंधर्व आम्ही पूर्ण ऐकले. "वाढव, अजून वाढव" करत तू आवाज एवढा चढवायला लावलास की समोरच्या गॅलरीत माणसं येऊन उभी राहिली. तरी कोणी ब्र काढला नाही. पोस्टमास्तरांचा गुडघा तुला माहीत आहे. तो माणूस भिंतीला टेकून, पाय चोळत, तसाच बसून होता. आणि त्यांची पाळी आली, लेंगीचा, त्यांच्या बंजाऱ्यांच्या होळीच्या गाण्याचा, डफ सुरू झाला, तर तू चपला शोधायला लागलास!

तू गेल्यावर आम्ही ती लेंगी पूर्ण ऐकली. दिग्रसजवळच्या त्यांच्या तांड्यावर होळीच्या दिवसांत त्यांनी स्वतःच भरून आणलेली आहे. मध्येच कुत्रं भुंकतं, कोणीतरी खाकरतं, चामडं सैल पडलं म्हणून डफ शेकायला नेतात आणि तेवढा वेळ नुसत्या टाळ्यांवर म्हणणं चालू राहतं. मग डफ परत येतो तो असा ताणलेला, टणटणीत, की माझ्या हातातला कप थांबला. गोरबोलीतलं मला निम्मंही कळलं नाही. मास्तरांनी मागाहून अर्थ सांगितला. त्यात सेवालाल महाराज आले, सासरी गेलेली पोर आली, दिराची टिंगलही आली. सांगता सांगता त्यांचा आवाज बसला, कारण त्यातला एक गळा त्यांच्या थोरल्या भावाचा होता, आणि तो आता नाही. तू थांबला असतास तर तुलाही कळलं असतं.

राग येईल, तरी लिहितो. तू केसकर झालास, नाना. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलाच मराठी माणूस. १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि देशाचे कान सुधारायला निघाले. आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना कात्री लागली, गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं बंद झालं, निर्मात्यांनी चिडून परवानग्या काढून घेतल्या आणि गाणी रेडिओवरून गेलीच. लोकांनी काय केलं? काटा फिरवला, रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि पुढं कित्येक वर्षं बुधवारी रात्री आठ वाजता पानठेल्यांपुढं माणसं उभी राहत होती. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारलाच विविध भारती काढावी लागली. केसकरांचं श्रेय मी नाकारत नाही. शनिवारी रात्रीचा शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला, आणि ज्यांना गवयाला बोलवायची ऐपत नव्हती त्यांच्या घरात गवई आले. पण चांगलं ऐकवण्यासाठी दुसऱ्याचं बंद करायची काय गरज होती? त्यांना ते कळलं नाही. तुला कळायला हवं, कारण तू सिलोनवर वाढलेला आहेस.

तुझ्या वडिलांचा तो व्हॉल्व्हचा रेडिओ आठव. वर्षाकाठी पोस्टात लायसन भरायचं, लावल्यावर तो तापेपर्यंत वाट बघायची, मग काटा केसभर इकडे, केसभर तिकडे. आम्हाला नुसती खरखर ऐकू यायची, आणि तू हात वर करून म्हणायचास, "थांबा बे, तलत आहे." खरंच तलत असायचा! साडेसातला जुनी गाणी, आठ वाजायच्या जरा आधी सैगल, आणि आठला ‘आप ही के गीत’. एका गाण्याआधी नावांची ही लांब माळ. झुमरीतलैया तर हटकून. अभ्रकाच्या खाणींचं ते गाव तेव्हा बिहारात होतं, हे आपल्याला भूगोलाच्या पुस्तकानं नव्हे, फर्माइशीनं शिकवलं. आपलं नाव येईल म्हणून कान लावून बसायचं, आणि ते येईपर्यंत साऱ्या मुलखाची पसंती ऐकायची. कव्वाली त्यातच कानावर पडली. तलत तरी तुला आधी कुठं आवडायचा? "रडतो लेकाचा" म्हणायचास. दुसऱ्यांनी मागितला म्हणून तू ऐकलास, आणि मग त्याच्यासाठी पोस्टकार्डं लिहायला लागलास.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते तुला पाठ आहे, तरी पुन्हा ऐक: माणसाची आवड एकट्यानं होत नाही. आपलं गाणं मागायचं असेल तर दुसऱ्याच्या गाण्याला बसावं लागतं. माझा नातू कानात ते बोंडूक घालून बसतो. काल जे ऐकलं त्याच्याच जातीचं आज फोन त्याला वाढतो, उद्याही वाढेल. शेजारी आजी काय गुणगुणते त्याला ठाऊक नाही. त्याला काय बोलणार, तू सत्तरीत तेच करायला निघालास! शाळेत, ग्रामपंचायतीत, लग्नाच्या मांडवात, जिथं तिथं हेच चाललं आहे. आमचंच वाजवा, नाही तर आम्ही उठतो. जाऊ दे, हिला वाटेल मी पुन्हा निवडणुकीवर घसरलो.

कॅसेटचं मात्र सांगतोच. माझ्या लग्नात तू दिलेली साठ मिनिटांची कॅसेट अजून माझ्याकडे आहे. वहीच्या पानावर यादी करून तू ती दुकानातून भरून आणलीस: एका बाजूला सुरेश भटांच्या गझला, दुसऱ्या बाजूला नाट्यगीतं आणि तुकडोजी महाराजांचं एक खंजिरी भजन. शेवटी फीत उरली, तिथं दुकानदारानं आपल्या मनानं एक भीमगीत टाकलं, वामनदादा कर्डकांनी लिहिलेलं. मी पुसायला निघालो तर तूच हात धरलास. मुंबईत मोठेपणी अक्षरं शिकलेल्या माणसानं हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव हिंडून गायली, हे मला त्या दिवशी तू सांगितलंस. परवा कंपाउंडर त्यांचंच गाणं घेऊन आला होता. मास्तरांनंतर त्याची पाळी होती. त्याला तू ऐकलंसच नाही.

आणि गदिमा? १९७३ चं साहित्य संमेलन आपल्या यवतमाळात झालं, ते अध्यक्ष होते, तर तू चार दिवस दुसरा विषय बोलला नाहीस. तुझ्या आईनं गीतरामायण वहीत उतरवून ठेवलेलं. छप्पन्न गीतं, एकेका अक्षराला जपलेली. त्याच गदिमांनी १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’साठी लावणी लिहिली, आणि तीही तू ढोलकीच्या तालावर मान हलवत ऐकायचास. तेव्हा ढोलकी गोंगाट नव्हती.

इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. जेवलो, आडवा झालो, झोप येईना. तुझं तेच "वाढव, अजून वाढव" डोक्यात फिरत राहिलं. मग एकेक आठवलं. जेवताना मी विचारलं, सूनबाईंची तब्येत कशी आहे, आणि तू म्हणालास, "सव्वापाचची." सगळे हसले, तूही हसलास, पण तू का हसलास ते तुला तरी कळलं होतं का? दिवाळीत वहिनी म्हणाल्या होत्या की दारावरची बेल तुला ऐकू येत नाही आणि टीव्हीचा आवाज शेजारी जातो. मी ते हसण्यावारी नेलं.

नाना, तुझे कान गेलेत का रे?

वयानं ऐकू कमी येतं तेव्हा सगळं सारखं कमी होत नाही. उंच, बारीक सूर आधी जातात, शब्दांच्या कडा पुसट होतात. आणि मोठा आवाज मात्र एकदम अंगावर येतो, सोसवत नाही. डफाची थाप तुला घणासारखी लागली असेल, आणि त्यात गळे कुठं होते ते सापडलेच नसतील. तसं असेल तर मी वर लिहिलेलं निम्मं फुकट आहे. पण मग तू सांगायला नको होतंस? चपला घालून निघून जायचं?

गाण्याचं राहू दे. तू त्या वर्धा रोडवर अजून स्कूटर चालवतोस. मागून ट्रकचा हॉर्न वाजला तर तुला कळतो का? मुलाला हे सांगितलंस का? नसेल तर मी सांगतो. राग मान, नाही तर मानू नकोस. या आठवड्यात मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा, कानाच्या डॉक्टरला दाखव, ऑडिओग्राम काढ. यंत्र लावायला सांगितलं तर लाव. पहिले काही दिवस भांड्यांचा आवाजही नकोसा होतो म्हणतात, पण हळूहळू सवय होते. ते काढून खिशात ठेवायचं नाही, एवढं वचन दे.

पोस्टमास्तरांना मी काही बोललेलो नाही. ते समजतात की तुला त्यांची लेंगी हलकी वाटली. त्यांना तू स्वतः फोन कर, आणि आजच कर. पुढची बैठक दुसऱ्या रविवारी कंपाउंडरकडे आहे. भीमगीत तो त्या दिवशी पुन्हा लावणार आहे. सकाळच्या बसनं ये, स्कूटर घरी ठेवून.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या